भुंकल्यावर भाकरी

लिहिणारा मी कोण, असं वाटतं. घरात कॉलेजला जाणारा पहिला मीच, आणि लिहायचं काय तर आमच्या कुत्र्याबद्दल. चुकलंमाकलं तर माफ करा.

कळसजवळच्या आमच्या वस्तीवर रोज सकाळी दूध न्यायला डेअरीचे चाचा मोटारसायकलवरून येतात. दिवाळीच्या सुट्टीत आमचं कुत्रं त्यांच्या मागं धावलं, गाडी घसरली, चाचांचा गुडघा फुटला. वडिलांना ते एवढंच म्हणाले, "आबा, कुत्रं तरी ठिवा, न्हायतर मला तरी."

आबा मला म्हणाले, "तवर बांधून ठिव. सोमवारी मोकळं सोडतो. धावलं, तर पोत्यात घालून पळसदेवच्या धरणाच्या पाण्याकडं सोडून येणार."

आणि मला रविवारीच बारामतीला परतायचं होतं.

पहिले दोन दिवस मी नुसता ओरडलो. त्यानं ते आणखी चवताळायचं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून बघत राहिलो. गाडी वाजली, कुत्रं साखळी ताणून भुंकायला लागलं, आणि ते गप व्हावं म्हणून आईनं चुलीपासून भाकरीचा तुकडा फेकला. हे ती रोज करत होती. मीसुद्धा करायचो.

"आई, भुंकलं की भाकरी मिळती, हे आपणच शिकवलं त्याला."

"मग काय उपाशी ठिवू?"

"न्हाय. गप बसल्यावर दे."

"व्हय रं मास्तर!"

मग मी आबांची गाडी घेऊन अंगणात यायचो आणि आई भाकरी घेऊन उभी राहायची. कुत्रं भुंकलं की सवयीनं तिचाच हात पुढं व्हायचा. शनिवारी ते दोनदा शांत बसलं. तिसऱ्यांदा साखळी तोडून माझी पँट धरली. आबा गोठ्यातून बघत होते.

सोमवारी वर्गात फळ्यावरचं काही दिसत नव्हतं. चाचा सातला येतात. दहा वाजले. आईकडं फोन नाही, आबा उचलत नव्हते. पोतं कुठं ठेवलेलं असतं, ते मला माहीत होतं.

बाराला आबांचाच फोन आला.

"बसलं," ते म्हणाले. "चाचा आलं, दूध घेऊन गेलं, तरी बसलंच. पण आता कुणाची बी गाडी आली की म्होरं जाऊन बसतंय आन् भाकर मागतंय. तुझी आई तिसऱ्यांदा पीठ मळाय बसली हाय."