माझ्या हाती आलेला तिचा कागद

जळगावच्या चित्रकला महाविद्यालयात माझा हात सगळ्यांत साफ, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. धुळ्याहून निघतानाच मी तसं ठरवून आले होते. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या वर्षाला, फैजपूरकडची ती वर्गात आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

तिची रेघ वाकडी, कागदभर डाग. पण सर आठ चौकटी काढायला लावायचे, तेव्हा ती मला पाणी पाजायची. पाच-सहा जणांनी गोल बसायचं, कागदाला तीन घड्या घालून आठ चौकटी पाडायच्या आणि आठ मिनिटांत आठ कल्पना काढायच्या. खोडरबर दप्तरात. मग कागद डावीकडे सरकवायचा आणि हाती आलेल्या कागदावरची एक कल्पना आपण पुढे न्यायची. माझ्या तीन चौकटी सुबक व्हायच्या, पाच कोऱ्या राहायच्या. ती तोवर आठही भरून कागदाची मागची बाजू रंगवत असायची. मेली, असं मी मनातल्या मनात म्हणायचे.

एकदा विषय आला: केळीचा घड वावरातून बांधापर्यंत न दबता कसा आणायचा? निवडलेली कल्पना कार्यशाळेत लाकडात बनणार आणि प्रदर्शनात लागणार होती. तिथे मला माझंच नाव हवं होतं. पण विषय नेमका तिच्या घरचा! त्या दिवशी ती माझ्या उजवीकडे बसली होती, त्यामुळे तिचा कागद माझ्याकडे आला. तिने एकचाकी गाडा काढला होता. त्यात गादी, गादीवर आडवा घड. इतकं सोपं, की मला रडूच आलं. मी तिच्या गादीवर काट मारली, गाड्यावर एक खांब उभा केला आणि खाटकाच्या दुकानात बकरा टांगतात तसा आकड्याला घड टांगला. म्हटलं, हसू दे आता वर्गाला तिच्या गाड्यावर.

कागद भिंतीवर लागले. सर त्या चित्रापुढे थांबले.

"आडवा ठेवला की खालच्या फण्या दबतात. टांगला की प्रश्नच मिटला. कुणाचं हे?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "गादी माझी होती सर, ती चुकलीच. हे हिचं."

गाडा बनला. खाली माझं नाव लागलं. प्रदर्शनाला तिचे वडील आले, केळी पिकवणारे. त्यांनी गाडा दोनदा ढकलून पाहिला.

"डोकं चालवलं पोरी तू. आमच्या लोकाइले नाही सुचलं हे."

ती शेजारी उभी होती, माझ्यापेक्षा जास्त खुश. "तुले कसं सुचलं व हे? मले तं गादीच्या पुढं काही दिसेचना."

"असंच," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. तिला ते खरं वाटलं. आणि पाटीवर माझं नाव असूनही मी तिच्यावर जळतच होते. तिच्यासारखं खुश व्हायला मला काही केल्या जमत नव्हतं.