सरूकाकूची येळवस

सरूकाकू गेली हे भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. "ताई, काकू गेली. आत्ताच. चहा पिली, अन् जरा पडते म्हनली..." मी म्हणाले, "बरं." नुसतं बरं! चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, तिच्या मरणावर माझ्या तोंडून तेवढंच निघालं. रडू नंतर आलं, परभणी सुटल्यावर, गाडीत. त्याच्याही आधी जे मनात आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं, आता सांगायचं कायमचं राहिलं.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. तिला मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या आईच्या पदरात माझ्या पाठोपाठ जुळे भाऊ पडले, त्यामुळे मी आपोआप काकूच्या वाट्याला गेले. माझ्या वेण्या ती घालायची, ताप आला की उशाशी तीच. मला वाटायचं ती माझीच आहे, दुसऱ्या कुणाचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. वालूरला तिचं माहेर आहे, तिथं तिचा धाकटा भाऊ आहे, हे मला ठाऊक होतं, पण आवडत नव्हतं.

सोनपेठकडच्या आमच्या गावात थंडीतला मोठा सण म्हणजे येळवस, वेळ अमावास्या. दिवाळी घरात होते, येळवस रानात. दोन दिवस आधी आंबील घालायची, ताक आणि ज्वारीचं पीठ, घरभर आंबूस वास. पहाटेपासून भज्जी शिजायची, सगळ्या डाळी, शेंगा, हिरव्या भाज्या एका पातेल्यात. मग अख्खं घर शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपच, आत पूजा, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही धरून आणून जेवू घालायचं. आमच्या घरची एक रीत होती. आंबिलाची घागर घरातली थोरली सून डोक्यावर न्यायची, आणि ती कोपीत टेकेपर्यंत तिनं बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. एरवी काकूच्या तोंडाला कुलूप घालणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. वर्षातनं तेवढा अर्धा तास ती गप्प! काका म्हणायचे, "आमच्या घरी खरी येळवस एवढीच."

मी आठ वर्षांची होते त्या सालची गोष्ट. दोन वर्षं काकू माहेरी गेली नव्हती. तिची आई वारली तेव्हा भावानं, गंगाधरमामांनी, निरोप धाडायला उशीर केला, आणि काकू पोचली तोवर सगळं उरकलेलं होतं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. "पुन्हा तुझ्या दारात पाय ठिवनार न्हाई," असं भरल्या घरात बोलून ती परत आली होती. त्या येळवशीला आम्ही पांदीतून, बांधांमधल्या अरुंद वाटेनं, शेताकडं चाललो होतो. बाकीचे बैलगाडीतून पुढं गेलेले. काकू घागर घेऊन पायी आणि मी तिच्यामागं, हातात उदबत्तीचा पुडा. मागून हाक आली, "अक्का... ए अक्का!" काकूची पाठ हलली. मी पाहिलं. पण ती थांबली नाही, वळली नाही.

वालूरकडं काही आमच्यासारखी येळवस करीत नाहीत. मामांना त्या रीतीची काय कल्पना! त्यांना दिसली ती पाठ. ते माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, अक्काला सांग, चुकलं माझं. संक्रांतीला न्यायला आलोय. तिच्या मनात असलं तर यील. मी फाट्यावर थांबतो, पाचच्या गाडीपस्तोर." मी मान हलवली. घागर आहे म्हणून काकू बोलत नाही, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण "न्यायला आलोय" हे शब्द कानावर पडले आणि माझं डोकं फिरलं. काकूला नेणार? संक्रांतीला?

घागर खाली ठेवल्याबरोबर काकू बांधावर पळत आली. पांद रिकामी होती. "पोरी, आमचा गंगाधर होता ना गं? काय म्हनला?"

मी म्हणाले, "काई न्हाई. गेले."

दिवसभर ती वाढत होती आणि रस्त्याकडं बघत होती. कुणी म्हणालं, "सरूबाई, जेवायलीस का नुसती बघायलीस?" मी मात्र पोटभर जेवले, चिंचेच्या झोक्यावर खेळले. पाचची गाडी फाट्यावर थांबल्याचा आवाज कोपीपर्यंत आला होता. मला अजून तो ऐकू येतो.

संक्रांतीच्या आधीच सांगावा आला. मामा रानात पाणी देत असताना छातीत कळ येऊन गेले. काकू वालूरला गेली आणि दिवस होईपर्यंत तिथंच राहिली. ती आली त्या दिवशी मी कडब्याच्या गंजीमागं लपले. तिनं मला शोधून काढलं, समोर बसवलं आणि वेण्या घातल्या. लय घट्ट घातल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

पुढं कधी विषय निघाला तर ती आईला म्हणायची, "म्याच वळून बघायला पायजे होतं." मी शेजारी बसलेली असायचे. लग्न झालं, नोकरी लागली, माझ्या पोरी मोठ्या झाल्या... दरवर्षी येळवशीला जायचे तेव्हा ठरवून जायचे, या वर्षी सांगायचंच. भावजयीनं पहिल्यांदा घागर उचलली तेव्हा काकूनं तिला बजावलं, "कुनी हाक मारली तर ओ दे गं माय. आमुशा काय पळून जात न्हाई." सगळे हसले. मीही हसले, काय करणार!

काकूच्या तेराव्याला वालूरहून मामी आल्या, पंच्याहत्तरीच्या, काठी टेकत. मला राहवेना. मागच्या पडवीत त्यांना एकटं गाठलं आणि सगळं ओकले. वाटलं होतं, शिव्या देतील.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "पोरीजवळ निरोप देलाय, असं त्यायनीच येऊन सांगितलं होतं."

"आन काकूला?"

"त्यायच्या बाराव्यालाच सांगितलं की म्या. लय रडल्या. मंग म्हनल्या, त्या लेकराला कुनी इचारू नगा. भेलंय ते. मोठी झाली की आपल्या तोंडानं सांगंल मला." मामींनी माझा हात धरला. "सांगितलं का मंग तू?"



म्हणजे ते सगळं तिला माहीत होतं. माझ्या लग्नात माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा माहीत होतं. "म्याच वळून बघायला पायजे होतं" म्हणताना ती आईला सांगत नव्हती, मला जागा करून देत होती. आणि मी बया, शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी, चाळीस वर्षं तिच्यासमोर बसून नुसती आंबील पीत राहिले.

परवा येळवस झाली. घरात दुखवटा, त्यामुळं यंदा घागर नाही, कोप नाही. मी तरी गेले, एकटीच. आजूबाजूच्या रानांतून माणसांचा गलबला येत होता, आमच्या शेतात फक्त ज्वारी उभी होती. कोप जिथं घालतो तिथं गेले आणि मोठ्यानं बोलले.

"काकू, गंगाधरमामा आल्ते. चुकलं म्हनले. पाचच्या गाडीपस्तोर फाट्यावर थांबतो म्हनले."

आणि मग, वेड्यासारखी, उत्तराची वाट बघत तिथंच उभी राहिले.