सूत घरचंच

धंदा सुरू करण्याआधी माणसानं किती विचार करावा? मी दहा महिने केला. लग्नाचाही एवढा केला नव्हता. ते वडिलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या दहा महिन्यांत मी जे जे विचारात घेतलं त्याला शंभर पानी वही लागली, आणि जे घेतलं नाही ते दोन शब्दांत मावतं. पण ते सांगायला मला आजही घसा साफ करावा लागतो.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरची पाच-सात वर्षं. मी वरठीला कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होतो. मोहाडीच्या बाजूच्या आमच्या गावाहून तोंडाला रुमाल बांधून मोटरसायकलनं जायचं आणि संध्याकाळी तोच रुमाल काळा करून परतायचं. काम वाईट नव्हतं. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विणकर. वडील कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, करवती काठाच्या साड्या विणायचे, आणि मी माणूस म्हणून नाही तर नग म्हणून मोजला जायचो. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून माग बंद. मागाच्या खड्ड्यात, जिथे त्यांचे पाय असत, तिथे बायकोनं कांदे ठेवायला सुरुवात केली होती. मला ते कांदे बघवत नसत, आणि भाजीत कांदा कमी पडला तरी चालत नसे. असा मी.

माग पुन्हा चालू करायचा, ही माझी कल्पना. ऐकणारे हसायचे. कोशाच्या साड्या नेसणाऱ्या बायका सुती, मग सिंथेटिक नेसू लागल्या होत्या, गावातले निम्मे माग सरपणात गेले होते आणि हा चालला उलट्या दिशेनं. मी मात्र पक्का होतो. भंडाऱ्याला नव्या धंदेवाल्यांसाठी तीन रविवारांचं प्रशिक्षण होतं, तिथे नाव दिलं. शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ होते, शांत, खडूनं बोटं पांढरी झालेले. ते म्हणाले, "प्लॅन लिहायची घाई करू नका. कागदावर सगळेच धंदे चालतात. आधी चार प्रश्नांवर विचार करा. माल कोणाला पाहिजे? कच्चा माल कुठून येणार? करणार कोण? आणि कोणतं एक माणूस आडवं पडलं तर धंदा आडवा पडेल?"

मी घरी येऊन नवी वही काढली आणि प्रत्येक प्रश्नाला पंचवीस पानं दिली. चौथ्या प्रश्नाखाली ताबडतोब लिहिलं: मी. विणणार मी, विकणार मी, म्हणजे आडवा पडलो तर मीच. फार बरं वाटलं ते लिहिताना. दुसऱ्या प्रश्नाला दोन शब्दांत वाटेला लावलं. ताण्याचं, म्हणजे उभं सूत विकत आणायचं, ते सगळेच आणतात. आडव्या सुताचं काय? लिहिलं, "सूत घरचंच." उरलेली चोवीस पानं कोरी ठेवून मी गिऱ्हाइकांच्या विचाराला लागलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हे सूत कसं निघतं ते सांगायला हवं, कारण आमच्या घरातल्या पुरुषांनाही ते ऐकूनच माहीत. कोशाची फळं, म्हणजे रेशमी अळ्यांचे कोसे, राखेच्या पाण्यात उकळतात. मग बाई भिंतीला टेकून बसते, लुगडं वर सरकवते, चार-पाच कोशांचे तंतू एका हातानं ओढते आणि उघड्या मांडीवर दुसऱ्या हाताच्या तळव्यानं वळत जाते. उघड्या मांडीवर. म्हणून ते काम मागल्या खोलीत, दार लोटून. पुरुषानं अंगणातूनच खाकरायचं आणि बाहेरच्या बाहेर जायचं. मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून धोटा टाकायला शिकलो, तुटलेला तार जोडायला शिकलो, ताण्याला खळीची पांजण कशी द्यायची ते शिकलो. पण सूत? ते संध्याकाळी खिडकीच्या कट्ट्यावर गुंडाळून ठेवलेलं असे. जसं सकाळी दारात दूध. त्याच्यामागे किती तास, किती ताकद, हे वडिलांनाही धड माहीत नव्हतं, असं आता वाटतं. माहीत असतं तर ते मायला 'दिवसभर घरीच त् असते' असं म्हणाले नसते.

वडिलांच्या हातचा एक तुकडा पेटीत होता. तो घेऊन मी नागपूरच्या एका प्रदर्शनात गेलो आणि दिवसभर येईल त्याच्या हातात देऊन मत विचारत फिरलो. प्रशिक्षणात सांगितलंच होतं, दहा जणांना विचारा. नऊ जण 'छान आहे' म्हणाले. छान आहे म्हणजे घेणार नाही, हे तोवर मला कळू लागलं होतं. दहाव्या होत्या एक प्राध्यापक बाई. त्यांनी तुकडा चष्म्याजवळ नेला, बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "हे सूत कुठेकुठे जाड, कुठे बारीक आहे, हीच याची मजा. मशीनला हे जमायचं नाही. दिवाळीच्या आत मला अशी एक साडी दाखवा. माझ्या मैत्रिणी रांग लावतील."

परतताना मी बसमध्ये उभा होतो आणि मला बसायला जागा मिळाली तरी बसावंसं वाटेना. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी माझी गत. भंडारा येईपर्यंत माझे दोन माग झाले होते, मोहाडी येईपर्यंत चार. घरी आल्याआल्या मायला सांगितलं, "माय, एका साडीचं सूत पायजे. नमुन्याले. त्याच्याबिगर प्लॅन नाई लिहिता येत."

माय तांदूळ निवडत होती. साठी ओलांडलेली, शुगरची गोळी चालू, सहा वर्षांत कोशाला हात न लावलेली. तिनं सुपातून मान वर केली. "एका साडीचं?" ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून, "काढून देतो ना. तुह्या बापाचा माग चालू होते त् काहून नाई काढीन?"

ती खूश झाली होती. हे मी स्वतःला अजून सांगत असतो, आणि ते खरंही आहे. दुसऱ्याच दिवशी खड्ड्यातले कांदे तिनंच बाहेर काढले.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. बाहेर पावसाची झड आणि मागल्या खोलीचं दार लोटलेलं. कामावरून आलो की अंगणात मी खाकरायचो आणि आत तळहाताचा सर्र-सर्र आवाज थांबायचा. तो आवाज ऐकून मला कारखान्यातला दिवसभराचा शीण गेल्यासारखं वाटे. कट्ट्यावरचं सूत मी हातात तोलून पाहायचो. पहिले आठ दिवस चांगलं निघालं. मग कमी होत गेलं. मी वहीत लिहिलं, "उत्पादन घटले. कारण शोधणे." आणि कारण शोधायला मी काय केलं? दाराबाहेरून विचारलं.

"माय, सूत कमी होऊन राहिलं व."

"हो रे बाबू. हात बसला नाई अजून."

"तास-दीड तास जास्त बसशील त् होईल. दिवाळीच्या आत विणून बी व्हाले पायजे."

"बसतो," ती म्हणाली.

एका संध्याकाळी सुतावर पिवळे डाग दिसले. मी चिडलो. नमुन्याचा माल, प्राध्यापक बाई चष्म्याजवळ नेऊन पाहणार, आणि त्यावर स्वयंपाकाची हळद! मी अंगणातूनच ओरडलो, "हळदीचे हात लावू नोको सुताले! कितीदा सांगू?" दुसऱ्या दिवशीपासून सूत स्वच्छ यायला लागलं. मला वाटलं, बरं झालं बोललो. धंद्यात जरा कडक असावं लागतं.

आणखी आठ-दहा दिवस गेले. माय जेवायला उशिरा येऊ लागली, भिंत धरून उठू लागली. "पाय दुखते काय?" मी विचारलं. "बसून बसून आखडते," ती म्हणाली, आणि मला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की सगळं पटतं.

शेवटी बायको बोलली. मी सकाळी मोटरसायकलला किक मारत होतो. ती फाटकाशी आली, रडत होती. "तुमी आज जाऊ नोका. मायच्या मांडीले जखम हाय. लय दिवसांची. मले लेकराची शपथ घातली होती. पन रातभर अंग तापून होतं, अन् आता वास येऊन राहिला."

मी तिच्यावरच ओरडलो. काहून सांगितलं नाई म्हणून. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "कोनाले सांगू? मांडी हाय ते. मायच म्हने, पोराले कसं दाखवू."

सहा वर्षं काम बंद असल्यामुळे तिची कातडी पुन्हा मऊ पडली होती. तिसऱ्याच दिवशी सोलली. राखेच्या पाण्यातले कोसे, वरून रोजचं घासणं, अंगात शुगर. तिनं हळद भरली, फडकं बांधलं, फडक्याच्या बाजूला जागा करून तिथे वळत राहिली. मी ओरडल्यावर तिनं हळद लावणंही बंद केलं. सुताला डाग पडू नये म्हणून. हे मला बायकोनं बसमध्ये सांगितलं, मायचं डोकं तिच्या मांडीवर होतं तेव्हा, आणि मला चालत्या बसमधून उतरून जावंसं वाटलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" मी विचार करत होतो. दहा महिने मी विचारच करत होतो. त्यांनी त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. तिथे दोनदा सडलेलं मांस कापून काढलं. विष अंगात भिनलं होतं. नवव्या दिवशी ती गेली. मी तो प्लॅन कधीच लिहिला नाही. पुढे चौदा वर्षं वरठीलाच काढली आणि आमच्या घरात माग काय, धंदा हा शब्दसुद्धा मी कोणाला बोलू दिला नाही. पोरगी एकदा शिलाई मशीन घेऊ का म्हणाली तर तिच्यावर असा वसकन ओरडलो की ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. माणूस सुधारत नाही, नुसता घाबरट होतो.

त्या नऊ दिवसांतला चौथा दिवस तेवढा सांगायचा राहिला आहे.

बायको लेकराला पाहायला गावी गेली होती. ड्रेसिंगची वेळ झाली. सिस्टर एकट्याच होत्या, म्हणाल्या, "भाऊ, पाय तुम्हीच धरा. वर उचलून धरायचा, हलू द्यायचा नाही." मायनं पदर ओढून पूर्ण तोंड झाकून घेतलं. मी पाय धरला. तेहतीस वर्षांचा होतो मी, आणि ज्या जागेवर आमचं घर चाललं ती जागा पहिल्यांदा पाहत होतो. जखमेच्या कडेला जुन्या कातडीचा पट्टा अजून शाबूत होता, हाताच्या पंज्याएवढा रुंद, काळा, गुळगुळीत, एकही केस नसलेला. चाळीस वर्षांचं काम होतं ते. वडिलांनी विणलेलं सगळं, माझ्या शाळेची फी, माझं लग्न, सगळं तिथून वळून आलं होतं. सिस्टर बोळे आत घालत होत्या.

मग पदराच्या आतून आवाज आला. "बाबू, उजवी चांगली हाय. घरी गेलो का उजवीवर काढून पाहीन. तुह्यं काम अडू नाई देनार मी."

"हो माय," मी म्हणालो.

लोकांना सांगताना मी सांगतो की तिला धीर यावा म्हणून मी हो म्हणालो. ऐकणारे मान हलवतात, कोणी डोळे पुसतात. खोटं आहे ते. तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून धरलेला असताना मी खरोखरच विचार करत होतो, की उजव्या मांडीला सवय नाही, जागा नवी आहे, पण नीट बसली तर दिवाळीपर्यंत निम्मं सूत निघायला हरकत नाही.