भोंग्यावर पाजलेली पोरगी

"थांबव गाडी, पोरगी भुकेजली!"

आई मागून ओरडत होती. आमची बैलगाडी नाल्यापलीकडे गेलेली, तरी दीड महिन्याच्या नातीचं रडणं तिच्या कानी पोचलं होतं. आलापल्लीच्या जंगलातले वाघ आईच्या आवाजाला वाट देत, तिथे बैलांची काय कथा? थांबले. मी पोरीला पदराआड घेतलं. तिचं पोट भरेपर्यंत चांद्याला जाणारी लारी निघून गेली. दुसऱ्या दिवशीची धरली.

गावच्या बायांनो, तुम्हाला यात नवल नाही. आपल्याकडे धानाच्या रोवणीच्या वेळी बांधावर लेकरू रडलं, की त्याची आई चिखलाच्या हातांनी धावते आणि तिची ओळ शेजारणी लावतात.

नवऱ्याला चांद्याजवळच्या कोळशाच्या खदानीत काम लागलं होतं. तिथे सगळं पाळी बदलायच्या भोंग्यावर चाले. भोंगा असा, की मेलेला माणूस उठून डबा मागेल. शेजारच्या बाबूच्या बायकोने सांगितलं, शहरात घड्याळ पाहून पाजतात. आमच्याकडे घड्याळ कुठलं? मी भोंग्यावर पाजू लागले. पोरगी रडे, मी कान लावून बसे. महिन्याभरात दूध आटलं, पोरगी चिंचेच्या फोकासारखी झाली. तीच शेजारीण दुधाच्या पावडरचा डबा घेऊन आली. म्हणाली, "तुझ्या अंगातच नाही." मला ते पटलं. आजही त्याचंच वाईट वाटतं.

निरोप गेला, आई आली. तीन नद्या पोहून, अस्वलाला बाजूला सारून आली, असं मी नातवंडांना सांगते. आली लारीनेच.

"पोरगी रडून राह्यली. पाजत काऊन नाई?"

"भोंगा नाई झाला अजून."

"काऊन, पोरगी बी खदानीत कामाले लागली?"

मग दहा दिवस तिने मला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. पोरीने ओठ हलवले, की ती माझ्या मांडीवर. मी म्हणे, "येत नाई, आई." ती म्हणे, "तिले ओढू दे. तिले मालूम आहे." आणि दूध आलं. असं आलं, की खदानीत पाणी शिरलं म्हणून लोक धावले. डबा न फोडता परत गेला.

आता मी नागपुरात आहे. गावची वाटही नीट आठवत नाही. घर म्हटलं, की नाल्यापलीकडे थांबलेली ती गाडी तेवढी दिसते.

त्या दहा दिवसांनंतर आई निघाली तेव्हा मी तिचं बोचकं धरून बसले. "आणखी आठ दिवस राह्य ना."

"पोरगी पिऊन राह्यली," ती म्हणाली. "आता माहं काय काम."