जोतीरामाच्या नावेचा खोकला

जोतीराम आंबीच्या नावेला खोकला होता आणि तो सगळ्या गावाला पाठ होता. फट्-फट्-फट्, मग एक घुसमटलेलं फूस्. आता बंद पडतंय बघा, म्हणेपर्यंत परत फट्-फट्-फट्. शिरोळ तालुक्यातल्या त्या कृष्णाकाठच्या गावात पोरं हा खोकला ऐकून दप्तरं उचलायची आणि घाटाकडं पळत सुटायची. आता पूल झालाय. पुलावरून मोटारसायकली सुसाट जातात, आणि सगळ्यांचे आवाज असे एकसारखे, की बायकोला नवऱ्याची गाडी ओळखू येत नाही. असो बापडे!

इंजिन जोतीरामानं तरणाबांड असताना आणलं होतं, कोकणातल्या एका मच्छीमाराकडून. गूळ पोचवून रत्नागिरीहून रिकामा परतणारा ट्रक मिळाला, त्यात हे धूड घालून आणलं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं. बाप भडकला. आंबी म्हणजे पिढ्यान्पिढ्या वल्ही मारणारे नावाडी. "आंब्यांच्या पोराचं दंड झडलं काय?" म्हणून त्यानं घरात अबोला धरला. मग एकदा पाण्याला जबर ओढ असताना नाव वल्ह्याशिवाय पैलतीराला लागली, तेव्हा म्हातारा मिशीवर हात फिरवत बसला. गावकऱ्यांकडून रोख पैसा या घरानं कधी घेतला नाही. सुगीला जोंधळा आणि गुऱ्हाळाला गूळ, एवढं बलुतं. तिकीट फक्त पावण्यांना. आणि या तीरावरून त्या तीराला हाका मारून मारून जोतीरामाचा घसा बसला तो कायमचाच. आता तो बोलतो तेव्हा शेजारच्यालासुद्धा कान द्यावा लागतो.

नदीच्या वळणावर रत्नाबाईचा मळा. गाव तिला आक्का म्हणतं. आक्काचं माहेर पैलतीराचं. नवरी होऊन आली तीच जोतीरामाच्या बापाच्या नावेतून. पुढं भावाचा निरोप, आईनं धाडलेल्या शेंगा, सगळं जोतीरामाच्या हातून यायचं. वळणावर खोकला ऐकू आला की आक्का चहा ठेवायची, आणि नाव बांधाला टेकेपर्यंत त्याला उकळी फुटलेली असायची. घर जैनाचं, दिवस मावळला की आक्का पाणीसुद्धा तोंडात घेत नाही, म्हणून जोतीराम शेवटची फेरी मुद्दाम उजेडात मारायचा. तिचा नवरा पार्श्वनाथ मोठा मिश्कील माणूस. सोप्यातनं ओरडायचा, "आलं बघ तुझं खोकणारं म्हायेर!" आणि आक्का लटक्या रागानं बशी आपटायची. काय दिवस होते ते! नदी अशी भरून वाहायची आणि माणसांना एकमेकांकडं जायला सवड होती.

पार्श्वनाथ गेला. आक्काचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला. पूल झाला, आणि नाव घाटावरच्या कडुलिंबाखाली पालथी पडली. फक्त जेठात, पावसाळा तोंडावर आला की, जोतीराम ती पाण्यात उतरवून एक चाचणी फेरी मारायचा. कारण महापूर आला की पूलही पाण्याखाली जातो आणि मळ्याचं बेट होतं. त्या दिवशी आक्काचा चहा ठरलेला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस धड दिसत नाही, पण खोकला लांबून ओळखायची. जोतीराम वर्षभर त्या एका चहाची वाट बघायचा. विचारलं तर कबूल करणार नाही, तो भाग वेगळा.

गेल्या वर्षीच्या महापुरात मात्र घात झाला. वाटेतल्या वस्त्यांवरच्या माणसांनी भरलेली नाव वळणावरची ओढ चढेना. इंजिन खोकत राहिलं आणि नाव मागं सरकत राहिली. मळ्यापर्यंत जोतीराम पोचलाच नाही. आक्काला दुसऱ्या बोटवाल्यांनी उचलून नेलं, आणि तिची म्हैस दावणीलाच बुडाली. बोटवाल्यांचंही खरं, माणूस आधी. पण जोतीराम असता तर त्यानं म्हशीचं दावं नावेच्या काठावरून धरून तिला पोहत आणलं असतं. जनावरं आणायची आंब्यांची रीतच ती. नंतर शाळेतल्या छावणीत आक्का त्याला एवढंच म्हणाली, "जोत्या, तुझी नाव का आली न्हाय रं?" तो प्रश्न त्याच्या काळजात जो रुतला, तो रुतलाच.

म्हणून यंदा तो इंजिन टेम्पोत टाकून शिरोली एमआयडीसीत अनेकांतकडं गेला. अनेकांत गावचाच. याच नावेतून हायस्कूलला गेलेला पोरगा, आता स्वतःचं वर्कशॉप होतं. त्यानं इंजिन उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, ह्यो कार्बोरेटर न्हवं, गाळ हाय गाळ! इंजिनाला पोटभर हवाच मिळंना, ते ओढणार कसं? आणि रॉकेल आता रेशनला तरी कुठं मिळतंय? मोठा कार्बोरेटर बसवू, निव्वळ पेट्रोलवर."

"वळण चढंल?"

"भरल्या नावंनं चढंल."

"मग बसीव," जोतीराम म्हणाला.

अनेकांतनं जोडपट्टी लेथवर घडवली, मोठा कार्बोरेटर चढवला, नवा प्लग टाकला. दोरी ओढली आणि इंजिन असं मऊ गुरगुरलं की वर्कशॉपमधली पोरं वा वा करायला लागली. जोतीराम मान खाली घालून ऐकत राहिला. जुना कार्बोरेटर त्यानं फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. सून कुरकुरली, पण तो काढू देईना.

जेठातल्या चाचणीला अनेकांत मुद्दाम आला. नाव वळण सरसर चढून गेली. जोतीरामाचं लक्ष मात्र मळ्याकडं होतं. बांधावर कुणी नव्हतं. दार लोटलेलं.

"जाऊन बघू की मामा," अनेकांत म्हणाला.

"नगं. आक्काच्या मनातनं म्हस अजून गेली न्हाय. बोलावल्याबिगर आंबी कुणाच्या दारात जात न्हाय." आणि त्यानं नाव वळवली. तोंड असं कडू झालं की घरी आल्यावर त्यानं सुनेचा चहासुद्धा परतवला.

आणि आक्का? ती आत तांदूळ निवडत बसली होती, कान नदीकडं लावून. जेठ सरला, आषाढ लागला, खोकला काही आला नाही. जोत्यानं नाव मोडीत घातली, आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, असं धरून तीही फुगून बसली. फोन दोघांकडं होते हो! पण आधी करायचा कुणी?

श्रावणात पाणी चढलं. पूल बुडाला, वीज गेली, आक्काचा फोन लागेना. तालुक्याहून आलेली रबरी बोट मळ्यापर्यंत जाऊन आली आणि घर रिकामं आहे, हाकेला ओ नाही, असं सांगून पुढच्या गावाला गेली. जोतीरामानं ऐकलं आणि नाव सोडली. पूर बघून गावाकडं धावत आलेला अनेकांत न विचारताच पुढं चढून बसला.

वळणावर पाणी नुसतं घुसळत होतं. गेल्या वर्षी नाव जिथून मागं सरली, तिथून यंदा ती तोंड वर करून चढली. "शाब्बास रे पठ्ठ्या!" जोतीराम पुटपुटला. कार्बोरेटरला म्हणाला की अनेकांतला, कोण जाणे.

मळ्यात ऊस शेंड्यापर्यंत बुडाला होता. घराच्या उंच जोत्यावर नवी म्हैस पोटाएवढ्या पाण्यात उभी होती, आणि तिच्या तोंडाशी उसाचं हिरवं वाडं बांधलेलं होतं. आजचंच.

"आक्का आत हाय," जोतीराम म्हणाला.

"काकू! ओ काकू!" अनेकांत बेंबीच्या देठापासून ओरडला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. माडीची खिडकी बंदच राहिली. उलट आतून कुणीतरी ती आणखी घट्ट ओढून घेतली.

जोतीरामाला सगळा उलगडा झाला. आक्का इंजिनाचा नवा, परका आवाज ऐकून लपली होती. म्हशीला सोडून तिला पुन्हा जायचं नव्हतं. मघाशी रबरी बोट आली तेव्हाही ती अशीच गप्प बसली असणार. आणि जेठात? जेठात तिला आपण आल्याचं कळलंच नव्हतं!

"आक्का!" त्यानं हाक मारली, पण घशातनं नुसती हवा निघाली. तेवढ्यात मागची पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात बसली आणि सगळी माडी एका अंगाला कलली. पुढची भिंत किती दम धरेल, याचा नेम नव्हता.

जोतीरामानं चोक ओढला. पेट्रोल जास्त झालं, इंजिन घुसमटलं, काळा धूर ओकला. नाव मागं सरकायला लागली.

"मामा, बंद पडंल! मागं विजंचा खांब हाय!"

"पडू दे!"

चोक आत, चोक बाहेर. फट्-फट्-फट्, फूस्. नाव खांबाकडं घसरत होती. अनेकांतनं वल्हं रोवलं आणि देवाचं नाव घेतलं. फट्-फट्-फट्, फूस्.

खिडकी धाडकन उघडली.

"जोत्या? आलास व्हय रं?"

जोतीरामाचे डोळे भरून आले. त्यानं चोक आत ढकलला, नाव उसळून घराला लागली. अनेकांतनं आक्काला खिडकीतनं अलगद खाली घेतलं, म्हशीचं दावं काठावर आलं, आणि नाव निघाली. म्हैस नाक वर काढून शेजारून पोहत होती. मागं माडी बसल्याचा आवाज झाला. आक्कानं ऐकला, पदर तोंडाला लावला, पण हात म्हशीच्या शिंगावरचा काढला नाही.

मग ती म्हणाली, "इंजिनाला काय केलंस?"

"नवा कार्बोरेटर बसीवलाय. वळण चढत न्हवतं, गेल्या वर्षी म्हणून तर..." त्यानं म्हशीचं दावं जवळ ओढलं. "जेठात आलतो आक्का. तुमी बांधावर न्हवता."

"आलतास?" तिनं धुरकट डोळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "मला ऐकूच आलं न्हाय रं. मी आधण ठिवून बसत हुते रोज."

दोघंही रडायला लागले. उघड, हुंदके देऊन. अनेकांत बिचारा पाण्याकडं बघत बसला. म्हशीला शेजारी घेऊन नाव वळणावरची ओढ निमूटपणे कापत गावाकडं चालली होती.

घाट जवळ आला तसं आक्कानं डोळे पुसले. "असं मुक्यानं नगं बाबा जायाला. खोकू दे त्याला."

जोतीरामानं अनेकांतकडं बघितलं. अनेकांत म्हणाला, "ओढा मामा. प्लग काळा झाला तर मी दुसरा देतो."

फट्-फट्-फट्, फूस्. घाटावर दाटीवाटीनं उभी असलेली माणसं एकदम गलका करायला लागली. "जोतीराम आला! आक्काला आणलं!" आणि त्यातूनच कुणीतरी घराकडं तोंड करून ओरडलं, "चहा ठेवा गं!" दिवस मावळायला अजून अवकाश होता, त्यामुळं आक्काला चहा चालणार होता.