एका तासाची मॅडम

राज्य नवं होतं, हिंदी मुलखातलं. मंत्रालयच एका जुन्या इस्पितळात भरत होतं, तेव्हा आमचं विद्यापीठ पंडरीच्या कापडबाजारात साड्यांच्या गोदामावर भरतं याचं कोणाला काही वाटत नसे. चार खोल्या, बारा विद्यार्थी, आणि एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी! प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आणि एक फ्रिज. फ्रिजमध्ये संचालकांचं ताक.

मला तेही चालणार होतं. बाबा रेल्वेत कारकून. त्यांनी कबूल केलं होतं की एम.एस्सी. होईपर्यंत घरात माझ्या लग्नाची गोष्ट निघणार नाही, आणि नोकरी लागली तर पुढचं मी ठरवायचं. माझं सगळं त्या पदवीवर अडलं होतं.

दुसऱ्या वर्षी तपासणी समिती यायची ठरली. शिक्षक तीन दाखवायचे होते, होते दोन. गॅदरिंगमधली माझी नाटकं संचालकांनी पाहिली होती.

"बेटा, बस एक घंटे की बात है. साड़ी पहनकर आ जाना."

खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटल्या! आईची खळ दिलेली सुती साडी नेसले, बाबांचा जुना चष्मा लावला आणि समितीसमोर पेशीविभाजन असं शिकवलं की संचालकही वही काढून बसले. माझ्याच मैत्रिणीला उभं करून प्रश्न विचारला. चुकली, तर झापलं. ती दातओठ खात "यस मॅडम" म्हणाली.

जाताना समितीने दोन याद्या नेल्या. शिक्षकांच्या यादीत माझं नाव आणि वळणदार सही. विद्यार्थ्यांच्या यादीतून अर्थातच मला वगळलं होतं.

काही महिन्यांत कोर्टाने असल्या खासगी विद्यापीठांचा कायदाच रद्द केला. संचालक गायब. आम्हाला सरकारी विद्यापीठात सामावून घेणार म्हणून आम्ही बाराही जण तिथल्या खिडकीपुढे उभे राहिलो. कारकुनाने समितीच्या याद्या काढल्या.

"आप तो फैकल्टी में हैं, मैडम."

"भैया, मी विद्यार्थिनी हूँ!" घाबरून माझी भाषाही धड राहिली नाही. "वो तो नाटक था."

"साइन आपका है?"

होती. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका दाखवावी, तर ती अजून "छपते आहे". फीची पावती पुढे केली. ती त्याने परत सरकवली.

त्यात आणखी एक. प्रत्येक फॉर्मवर आमच्या जुन्या विभागातल्या एका शिक्षकाची सही हवी होती, आणि खरे दोघे गाव सोडून गेले होते. सही केली, तर मी शिक्षिका हे माझ्याच हाताने पक्कं. नाही केली, तर अकराही जण बुडाले. मैत्रिणीने फॉर्म पुढे केला.

"कर दे ना, मैडम," म्हणाली, हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

मी अकरा सह्या केल्या.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "मले एक सांग, काहून गेली होतीस तू?"

"समिती खूश झाली होती, बाबा."

"झाली असन."

पुढच्या महिन्यात अमरावतीहून पाहुणे आले. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा मुलगी किती शिकली हे विचारून झालं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"बीएस्सी आहे जी," ते म्हणाले.