ऑपेरेटाचं गहाळ पान

ती केस मी विसरीन म्हटलं तरी विसरता येत नाही. उभ्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण एका कागदापायी एका मुलीचं शिक्षण मातीत जायची वेळ आलेली तेवढी एकदाच पाहिली. नावं कुणाचीच घेणार नाही. माणसं इथेच आहेत आणि दर गणपतीला भेटतात.

मी व्हर्जिनियात एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह होतो. अमेरिकेत आलो इंजिनिअरिंग शिकायला आणि शिरलो पोलिसात. त्यावर नातेवाइकांनी जे तोंडसुख घेतलं ते विचारू नका! चोरी-घरफोडीच्या केसेस माझ्या टेबलावर यायच्या. आमच्या हद्दीतल्या अ‍ॅशबर्न गावची तक्रार असली आणि आडनाव मराठी दिसलं, की आमचा सार्जंट फाइल न वाचताच माझ्याकडे सरकवायचा.

तक्रारदार पुण्याचा, एका डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. घरात तो आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली त्याची आई. त्याचा छंद ऐकून मी चाटच पडलो. हा गृहस्थ ऑपेरेटा लिहिणाऱ्या जुन्या संगीतकारांची हस्तलिखितं जमवायचा. ऑपेरेटा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा युरोपातला चुलतभाऊ समजा; संवाद, थट्टामस्करी आणि मध्येच गाणं. छापील स्वरलिपी त्याला नको. संगीतकारानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं, चिडून खोडलेलं, शाईचे डाग पडलेलं पान हवं. लिलावांतून मिळवलेली अशी पानं तो एका खास पेटीत ठेवायचा. रोज ऑफिसातून आला की हात धुऊन, कोरडे करून, एकेक पान समोर घेऊन बसायचा. त्यातलं सर्वांत लाडकं पान गेलं होतं. व्हिएन्नाच्या एका संगीतकाराचं वॉल्ट्झ नाचाच्या तालावरचं गाणं, आणि समासात गायिकेसाठी निळ्या पेन्सिलीनं सूचना, ‘इथे श्वास घे’.

त्याचा संशय एका मुलीवर होता. पुण्याच्या कॉलेजातून आलेली, इथल्या विद्यापीठात जुन्या शाईच्या रसायनावर पीएच.डी. करणारी. शनिवारी त्याच्या घरी येऊन ती पानांचे फोटो काढायची. त्याच्यानंतर पेटीला हात लावणारी तीच. त्यातच चोरीची बातमी कळल्यावर न्यूयॉर्कच्या एका हस्तलिखित-विक्रेत्यानं आम्हाला फोन करून टीप दिली, की ही मुलगी नेमकी त्याच संगीतकाराच्या पानांची चौकशी करत होती. माझा खात्यातला जोडीदार, अस्सल अमेरिकन आणि घाईचा, म्हणाला, “झालं. वॉरंट काढू.”

मी म्हटलं, थांब. ती स्टुडंट व्हिसावर होती. चोरीचा आरोप लागला की पुढे कोर्टात सुटो न सुटो, विद्यापीठ आणि व्हिसा दोन्ही हातचे गेलेच. पाच वर्षांचं काम बॅगेत भरून घरी.

तिला चौकशीला बोलावलं. “तू अटकेत नाहीस. दार उघडं आहे, हवं तेव्हा उठून जा,” असं रीतसर सांगितलं. पोरगी आधी व्यवस्थित इंग्रजीत उत्तरं देत होती. विक्रेत्याला का विचारलंस, म्हटल्यावर भडकलीच.

“कम्पेअर करायला! एकाच बाटलीतल्या शाईची दोन पानं मिळाली असती तर माझा अख्खा चॅप्टर झाला असता. ते पान घरी नेऊन काय करू मी? फ्रेम करून लावू? मला शाई हवीय यार, मालकी नाही!” मग जीभ चावली. “सॉरी काका. म्हणजे, सर.”

“काकाच म्हण,” मी म्हटलं.

तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. “काका, आईबाबांना अजून काही सांगितलं नाहीये मी. मला परत पाठवतील का हो?”

माझा अनुभव सांगतो. चोर माणूस पटवत बसतो, निर्दोष माणूस संतापतो. हे कोर्टात चालत नाही, पण पुढे कुठे खणायचं ते कळतं. मी जोडीदाराला घेऊन थेट तक्रारदाराच्या घरी गेलो. आधीचा रिपोर्ट गस्तीवरच्या अधिकाऱ्यानं दारातच उभं राहून घेतला होता.

अभ्यासिकेत पेटीच्या झाकणावर एक पुसट लाल डाग होता. जोडीदाराचे डोळे चमकले. “रक्त!” म्हणत त्यानं नमुना घ्यायला कापसाची काडी काढलीसुद्धा. मी त्याचा हात धरला. लाल डागाशेजारी पिवळा होता. तसलीच जोडी लॅपटॉपच्या कोपऱ्यावर होती, पियानोवर होती. खंडेनवमी होऊन पंधरवडाही झाला नव्हता. घरातली हत्यारं, वाद्यं, पुस्तकं त्या दिवशी पूजेला बसतात. हळदकुंकू होतं ते, दुसरं काय!

“पूजा कुणी केली?” मी तक्रारदाराला विचारलं.

“आईनं. पण ती स्टडीत येत नाही. आणि प्लीज तिला काही विचारू नका. तिला बीपी आहे. हे प्रकरण आम्ही तिच्या कानावरच घातलं नाहीये.”

“मग सगळं इंग्रजीतच चाललंय?”

“हो. मुद्दामच.”

मी स्वयंपाकघरात गेलो. काकू मेथी निवडत होत्या. मराठी बोलणारा पोलीस पाहून त्यांना कोण आनंद! चहा टाकला, गाव विचारलं, लग्न झालंय का विचारलं. मी त्यांच्यावर कसलाही आरोप केला नाही. एवढंच म्हणालो, “काकू, शनिवारी येते ना, ती मुलगी. तिनं पान चोरलं असं तुमच्या मुलाचं म्हणणं आहे. तिला बहुतेक या देशातून घालवून देतील.”

त्यांच्या हातातली जुडी खाली पडली. “अगं बाई! त्या पोरीवर आळ?”

उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि सुटकेसमधल्या पैठणीच्या घडीतून ते पान घेऊन आल्या. “साहेब, मी केलंय हे. घाला मला बेड्या.”

झालं होतं असं. लॅपटॉपला कुंकू लावलं, गाडीला लावलं, पण आपला मुलगा रोज हात धुऊन ज्याच्यासमोर बसतो, ते कसं वगळायचं? त्यांनी सर्वांत वरचं पान पूजेला ठेवलं. मुलगा ऑफिसातून यायच्या आत कुंकू निघावं म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं आणि शाई फुटली. अर्धं गाणं जांभळ्या थारोळ्यात गेलं. मुलगा ओरडेल या धास्तीनं त्यांनी ते लपवलं. तो फोनवर चिडलेला दिसायचा, तर त्यांना वाटायचं ऑफिसचं काही असेल.

मुलगा दारात उभा होता. त्यानं पान घेऊन उजेडात धरलं. “आई, हे जगात एकच होतं गं.”

“आणि ती पोरगी? तशा पोरी किती आहेत रे?” काकू म्हणाल्या.

मला त्याची दया आली, राग त्याहून जास्त आला. पण त्यानं त्याच दिवशी तक्रार मागे घेतली आणि मुलीचा काही दोष नाही असं त्याच्या हातचं स्पष्ट पत्र मी स्वतः विद्यापीठात पोचवलं. पोरीचा व्हिसा वाचला, संशोधनही वाचलं.

ही केस मला एक गोष्ट शिकवून गेली. त्यानंतर मी तपासाला गेलो, की घरातल्या प्रत्येक माणसाला, आजी-आजोबांनासुद्धा, त्यांच्या भाषेत समोर बसवून सांगायचो की काय घडलंय आणि कुणाचं काय जाणार आहे. ज्याला जपायचं म्हणून आपण अंधारात ठेवतो, उत्तर पुष्कळदा त्याच्याचपाशी असतं. कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसणारी घरं मी खूप पाहिली, आणि त्यांच्या गप्पपणाची किंमत नेहमी तिसऱ्यानं मोजलेली पाहिली.

काकू माफी मागायला हट्टानं मुलाला घेऊन त्या मुलीच्या अपार्टमेंटवर गेल्या. मीच गाडी चालवत होतो. मुलाचं ‘सॉरी’ तिनं मान हलवून ऐकून घेतलं. मग काकूंनी घाबरत विचारलं, “येशील ना गं परत घरी?”

मुलीनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “तुमच्याकडे येईन, आजी. यांच्याकडे नाही.”